हुनुरोच्या शेजारची जागा

१

लग्न झाल्यापासून माझी दुपार ठरलेली. उन्हात ठेवलेले कणकेचे गोळे फुगले की भट्टी पेटवायची, भाकरी काढायच्या, त्यांच्यासोबत खारवलेलं चीज, शिजवलेले बाकल्याचे दाणे, कांद्याची पात असं सगळं फडक्यात बांधायचं आणि कालव्याच्या कडेकडेने शाजलीच्या गुदामापाशी जायचं. दुपारच्या अजानच्या आत जेवण पोचलं नाही तर तो काही बोलायचा नाही. नुसता पहारेकऱ्याकडचा काळा चहा पीत बसायचा, आणि तेच मला जास्त लागायचं.

शाजली माझा नवरा. जमिनीतून निघालेल्या जुन्या मूर्ती सांधणं हे त्याचं काम. गावातल्या पुरातन देवळाच्या मागे पुरातत्त्व खात्याचं लांबट गुदाम आहे. तिथे दगडांचे तुकडे पेट्या भरभरून येतात आणि तो एकेक तुकडा हातात फिरवत बसतो. लोक त्याचं कौतुक करायचे तेव्हा मला बरंही वाटायचं आणि रागही यायचा. दगडाच्या नाकाला तो ज्या हळुवारपणे ब्रश लावायचा, तसा माझ्या गालाला त्याचा हात लागल्याचं मला आठवत नाही.

मी जळकुटी आहे. गावाला ते ठाऊक आहे आणि मला त्याची लाज नाही. गेल्या हंगामात त्या देवळाच्या भिंतींवरच्या चित्रांच्या नकला काढायला एक परदेशी बाई आली होती. शाजलीने दोनदा तिचं नाव काढलं, तर मी चूल पेटवायची बंद केली. मग ती बाई एकदा दिसली. सासूच्या वयाची होती, आणि तिनेच मला गुडघ्याला काय चोळू म्हणून विचारलं. ही गोष्ट शाजलीने कॉफीच्या टपरीवर सगळ्यांना सांगितली. सांगताना माझं नाव न घेता, ‘आमच्या घरच्यांनी’ असंच म्हणाला असणार.

आम्हाला मूल नाही. सासूने एकदा दुसरी आणायची गोष्ट काढली होती. शाजली भाकर मोडता मोडता म्हणाला, “अम्मा, एकीचंच ऐकून कान किटले. दुसरीचं कशाने ऐकू?” सासू हसली, विषय संपला. मला मात्र ते वाक्य पुरून उरलं. माझ्याकडे दागिना असा तोच होता.

२

हिवाळा सरताना गुदामात ती आली.

“चल, तुला एक बाई दाखवतो,” शाजली म्हणाला, आणि पहारेकरी नूबी मिशीत हसला. माझी थट्टा करायची त्यांची ही जुनी रीत.

चुनखडीच्या दगडाची होती, माणसाएवढी. दोघांना बसता येईल अशा आसनाच्या एका टोकाला ती बसलेली. डोक्यावर बारीक वेण्यांचा भार, त्यात अजून काळा रंग. गालांवर पिवळा. नाकाचा शेंडा उडालेला, पण डोळे शाबूत. तिच्या उजव्या हाताला नवरा बसलेला असणार, तो डोक्यापासून पावलापर्यंत नाहीसा झालेला. आसनावर नुसती मोकळी जागा उरली होती.

“हात कुठाय हिचा?” मी विचारलं.

“पेटीत. चुरा झालाय, पण जुळेल. तो हात नवऱ्याच्या पाठीमागून गेलेला. पंजा त्याच्या पलीकडच्या खांद्यावर.”

“आणि नवरा?”

“सापडला नाही.”

“पळाला असेल,” नूबी म्हणाला.

आसनाच्या बाजूला चित्रलिपीत दोन ओळी होत्या. खात्याच्या निरीक्षकबाईंनी शाजलीला त्या वाचून दाखवल्या होत्या. त्याने बोट ठेवून मला सांगितलं, “हे तिचं नाव, हुनुरो. आणि त्याच्या आधी लिहिलंय, घरधनीण.”

“कुणाच्या घरची?”

“ते नवऱ्याच्या बाजूला लिहिलेलं असणार. तिथली अक्षरं उडालीत.”

शाजली दिवसभर तिचं नाव घ्यायचा. हमालांना सांगायचा, हुनुरोला जरा सरकवा. नूबीला म्हणायचा, हुनुरोवर कापड टाक, धूळ बसते. दारातली शेळी हाकलावी इतक्या सहज घ्यायचा. मला तिचा तेव्हा काडीचाही मत्सर वाटला नाही, उलट कीव आली. नवऱ्याच्या नसलेल्या पाठीमागे हात घालून बसायचं म्हणजे काय, हे मला कळत होतं.

३

हात जोडायला त्याला बरेच आठवडे लागले. आत पोलादी सळई घातली, वरून चुन्याचा लेप दिला. खाली आधार नव्हता म्हणून पंजाखाली एक लाकडी टेकू लावला. त्या काळात त्याचं बोलणं कमी झालं. काम अवघड असलं की तो असाच होतो, म्हणून मी लक्ष दिलं नाही.

मग एका दुपारी मी गुदामाच्या फाटकापाशी पोचले आणि नूबी खुर्चीवरून म्हणाला, “रावया, आज काय आणलंस?”

माझ्या हातातलं गाठोडं तिथेच थांबलं. रावया हे माझं नाव. नूबी मला कायम ‘काकाच्या लेकी’ म्हणायचा, आमच्याकडे परक्या बाईला मानाने हाक मारायची तीच रीत.

“काय म्हणालास?”

तो एकदम ओशाळला. “चुकलो, काकाच्या लेकी. शाजली सारखा म्हणत असतो ना, रावया असं करते, रावयाने तसं केलं. तोंडात बसलं.”

“तो म्हणतो? तुमच्यासमोर?”

“सगळ्यांसमोर. टपरीवरसुद्धा.”

आमच्या मुलखात पुरुष चारचौघांत बायकोचं नाव घेत नाही. ‘घरचे’ म्हणतो, ‘आतले’ म्हणतो, मूल असेल तर ‘अमक्याची आई’ म्हणतो. नट्यांची नावं, निरीक्षकबाईंचं नाव, परदेशी बायकांची नावं टपरीवर दिवसभर चालतात, त्याला कुणाची ना नाही. पण घरच्या बाईचं नाव घरात राहतं. माझं नाव शाजली फक्त दार लागल्यावर घ्यायचा, तेही हलक्या आवाजात. ते आता नूबीच्या तोंडून ऐकताना, कुणीतरी माझा झगा घालून बाजारात फिरतंय असं मला वाटलं.

“आणि त्या दगडाच्या बाईला काय म्हणतो?” मी विचारलं. का विचारलं ते माहीत नाही.

नूबीने गुदामाच्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “तिचं नाव नको काढूस. त्याला खपत नाही. परवा एका हमालाने घेतलं तर त्याच्या अंगावर फावडं उगारलं.”

“मग काय म्हणता तुम्ही तिला?”

“‘आतले’ म्हणतो,” नूबी म्हणाला, आणि विडी पेटवण्यात गुंतल्यासारखं करू लागला.

४

त्या संध्याकाळी शाजली अंगणातल्या बाकावर चहा घेऊन बसला होता. मी समोर उभी राहिले.

“टपरीवर माझं नाव घेतोस?”

“घेतलं असेल.” त्याला काही वाटलंच नाही. “नाव आहे ते. घ्यायला काय झालं?”

“मग तिचंही घे. हुनुरो.”

त्याने पेला खाली ठेवला. आधी त्याने फाटकाकडे पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून.

“तोंड सांभाळ,” तो म्हणाला.

“दगडाचं नाव घेतलं म्हणून?”

“मी सांगितलं ना, तोंड सांभाळ.”

हा चेहरा मी आधी एकदा पाहिला होता. लग्नानंतर लवकरच एका वरातीत कुणीतरी थट्टेने माझं नाव घेतलं होतं, तेव्हा शाजलीने त्याची गळपट्टी धरली होती. त्या रात्री आनंदाच्या भरात मला झोप लागली नव्हती. आता तोच राग, त्याच डोळ्यांत, दुसरीसाठी होता. सवत दगडाची असली म्हणून काय ती सवत नव्हे?

मी बाकावर त्याच्या डाव्या बाजूला बसायला गेले. तो चटकन म्हणाला, “तिथे नको.”

“का?”

“असंच. इकडून बस.”

मी उजवीकडून बसले. त्याच्या डावीकडे बाकाचा एवढा मोठा भाग मोकळा होता आणि मी काठावर, अर्धी हवेत. तो सावकाश चहा प्यायला. मधेच त्याने उजवा खांदा जरासा उचलला, कुणाचा हात नीट बसावा म्हणून आपण उचलतो तसा.

मी स्वतःला समजावलं. दिवसभर वाकून काम करतो, खांदा धरला असेल. सळई उचलताना कुठेतरी लचक भरली असेल. मी आत जाऊन तेल गरम केलं. तो म्हणाला, “राहू दे. आता बरं आहे.”

५

सासूपुढे मी हे बोलले तेव्हा ती मुलुखियाच्या भाजीची पानं निवडत होती. आधी तिने मला यथेच्छ झोडलं.

“परदेशी बाई झाली, आता दगड. उद्या नांगराच्या बैलावर जळशील. पोरी, पुरुषाला दगडाचा लळा लागला तर शुक्रिया म्हण. दगड जेवायला मागत नाही, आणि त्याला माहेरही नसतं.”

“अम्मा, तो टपरीवर माझं नाव घेतो.”

तिचे हात थांबले.

“मोठ्याने?”

“सगळ्यांसमोर.”

तिने पानांची परडी बाजूला सारली. मग म्हणाली, “त्याच्या बापाने माझं नाव चारचौघांत एकदाच घेतलं. काजीसमोर, मला तलाक देताना. तोवर मला वाटायचं त्याला माझं नाव येतच नसेल.” हे सांगून ती हसली. “नंतर परत घेतलं म्हणा मला. दुसरी कुणी त्याच्यापाशी टिकली असती का? पण त्या दिवशी तिथे बसलेल्या पुरुषांच्या कानांवर माझं नाव गेलं ना, तेव्हाच मला कळलं, की मी आता त्या घरची नाही.”

“मग मी काय करू?”

“भांड. रड. जेवण बंद कर. त्याला घरी आण,” ती म्हणाली. पण माझ्याकडे बघून नाही म्हणाली.

६

जेवण बंद करायची गरज पडली नाही. ते जसंच्या तसं परत यायला लागलं. भाकरीचा कोपराही मोडलेला नसायचा.

“भूक नव्हती?”

“जेवलो.”

“कुठे?”

“तिथेच.”

एका दुपारी मी ठरवून लवकर गेले. नूबी फाटकाशी नव्हता. गुदामाचं लोखंडी दार आतून लावलेलं होतं. आत पंखा घरघरत होता आणि छपराखाली कबुतरं घुमत होती. मी कान लावला. शाजलीचा आवाज आला, हलका, घरातला. लग्नानंतरच्या दिवसांत दार लागल्यावर तो ज्या आवाजात बोलायचा, तोच. मधे थांबून ऐकत होता, मग पुन्हा बोलत होता. शब्द कळत नव्हते. एकदा हसला.

मग दुसरा एक आवाज आला. जात्याची वरची तळी जराशी सरकावी तसा, दगडावर दगड. थोडा झाला आणि थांबला. शाजली म्हणाला, “हं, आता ठीक आहे.”

मी दार ठोठावलं. आत सगळं शांत झालं. त्याने उघडायला वेळ लावला आणि उघडलं तेही वीतभर. त्या फटीत तो असा उभा राहिला की मला पलीकडचं काही दिसू नये.

“कुणाशी बोलत होतास?”

“एकटाच होतो.”

“आवाज कसला होता?”

“वाळूची पोती सरकवत होतो. तू दुपारी उन्हात येत जाऊ नकोस, रावया. लोक बघतात.”

त्याच्या तोंडून माझं नाव इतकं सपाट मी कधी ऐकलं नव्हतं. मी परत फिरले. पोती सरकवली असतील, मी स्वतःला सांगितलं. एकटा माणूस कामात बोलतोच. माझी आई कोंबड्यांशी बोलायची. मी जळकुटी आहे, माझ्या कानांवर कोण विश्वास ठेवेल? कालव्यापाशी पोचेपर्यंत माझी खात्री पटली होती. तिथे बसून मी मग पोटभर रडले, कारण रडण्यासारखं काही नाही असं ठरवूनही मला माझा नवरा परत हवा होता. त्याचं ते खालच्या आवाजातलं बोलणं हवं होतं, आणि ते दुसरं कुणीतरी ऐकत होतं.

७

शुक्रवारी सगळे पुरुष मशिदीत गेले. शाजली नवा झगा घालून, केस विंचरून, अत्तर लावून निघाला. नमाज सुटल्यावर गल्लीतून लोक परतायला लागले. मी दारातून सासूच्या भावाला विचारलं. तो म्हणाला, “शाजली? मशिदीत दिसला नाही.”

मी डोक्यावर ओढणी घेतली आणि निघाले. काय करायचं ते मला वाटेत सुचलं, आणि सुचल्यावर फार बरं वाटलं. त्याने माझं नाव चव्हाट्यावर आणलं होतं. मी तिचं आणणार होते. फाटकाशी उभी राहून, नमाजहून परतणाऱ्या सगळ्या बाप्यांना ऐकू जाईल अशी तिला हाक मारणार होते, टपरीवर नटीचं नाव घेतात तशी. मग बघू कशी घरधनीण राहते.

नूबी नुकताच येऊन खुर्चीत बसत होता. मागून आणखी दोघे-तिघे चालत येत होते. मला पाहून नूबी उठला. “काकाच्या लेकी, आज सुट्टी आहे. आत कुणी नाही.”

“मग दार उघडं कसं?”

दार खरंच किलकिलं होतं. लाकडी टेकू बाहेर भिंतीला लावून ठेवलेला होता. तो पाहून मला वाटलं, आता तो हात तुटून पडेल, शाजलीची नोकरी जाईल. इतकं झाल्यावरही माझ्या डोक्यात त्याच्या नोकरीची काळजी आली.

मी फटीतून आत पाहिलं. बाहेरच्या उन्हामुळे आधी काळोखच दिसला. पंखा बंद होता, कबुतरं गप्प होती. मग आसन दिसलं. त्यावर दोघं बसलेली होती, माझ्याकडे पाठ करून.

ज्या माणसाने जुन्या दगडावर कधी पाण्याचा पेला टेकू दिला नाही, तो त्यावर ऐसपैस बसला होता. पाठ ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर. त्याच्या पाठीवरून तो जोडलेला हात गेला होता आणि पंजा पलीकडच्या खांद्यावर टेकला होता. आधार मिळाला म्हणून टेकू काढला असेल, मी मनात म्हटलं. एवढंच असेल. माप बघत असेल.

मग त्या पंजाचं एक बोट उठलं. शाजलीच्या नव्या झग्याला मानेपाशी चुणी पडली होती, ती त्या बोटाने सावकाश सारखी केली आणि ते पुन्हा खाली बसलं.

मला भीती वाटायला हवी होती. वाटलीही असेल. पण आधी आली ती चीड. ती चुणी माझी होती. तो झगा मी धुतला होता, मी वाळवला होता.

“हुनुरो,” मी हाक मारली. घसा फाटेपर्यंत मोठ्याने, सगळ्या गल्लीला जाईल अशी. “हुनुरो, बाहेर ये.”

मागे येणाऱ्या माणसांची पावलं थांबली. मी नूबीकडे वळून पाहिलं, त्याने हसावं म्हणून, निदान कुणीतरी हसावं म्हणून. नूबी हसला नाही. त्याने मान खाली घातली आणि दारापासून तोंड फिरवून बाजूला झाला. त्याच्या मागचे दोघेही तसेच बाजूला झाले. दारात घरची बाई येते तेव्हा परके पुरुष होतात तसे.

आतून बाईचा आवाज आला. “कोण आहे?”

कुठल्या भाषेत बोलली ते मला सांगता येणार नाही. सूर मात्र मला ओळखीचा होता. अवेळी कुणी दार वाजवलं की स्वयंपाकघरातून मी याच सुरात विचारते. आवाजात राग नव्हता, घाईही नव्हती.

मी तोंड उघडलं. ‘शाजलीच्या घरची’ म्हणायचं होतं. आजवर कुठल्याही दारात मी तेवढंच सांगत आले होते. शब्द ओठांपर्यंत आले आणि तिथेच राहिले. आतली बाई उत्तराची वाट बघत होती. बाहेर पुरुष खाली बघत उभे होते.

माझ्याऐवजी शाजलीने उत्तर दिलं, मागे वळूनही न बघता, त्या दार लागल्यावरच्या हलक्या आवाजात.

“कुणी नाही,” तो तिला म्हणाला. “रावया आहे.”